सहा दहाचं हसू

नेरूळच्या सेक्टर सोळातल्या बागेत
सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
आम्ही हसतो.
टिपणीस बाई शिट्टी वाजवतात,
हात वर, हो हो, हा हा हा,
पोटातून काढा, म्हणतात, पोटातून,
जणू पोट म्हणजे लॉकर
आणि किल्ली त्यांच्या कनवटीला.

मी सिंहहास्यात बरा आहे.
तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर सरळ रेषा ओढल्या,
ह्या बागेचीही एखादी रेघ माझी असेल,
इथे कुंपण, इथे बाकं, इथे मुलांनी घसरायचं.

मढवी हसत नाहीत.
हात वर करतात, तोंड उघडतात,
आवाज येत नाही.
घसरगुंडीच्या खाली त्यांच्या आजाचं मिठागर होतं,
हे त्यांनी एकदाच सांगितलं,
तेही पत्ता सांगावा तसं.

मंगळवारी
मौनहास्याच्या ऐन मध्यात
(ओठ मिटायचे, नुसते खांदे हलवायचे)
एक तांबडं कुत्रं आलं
आणि बाईंची डावी चप्पल तोंडात धरून
निवांत चालू लागलं.
पळालं नाही.
बाजाराला निघाल्यासारखं गेलं.

आधी काही झालं नाही.
मग मढवींच्या नाकातून
फुर्र असं काहीतरी निसटलं
आणि ते ओल्या गवतात खालीच बसले,
“गेली! गेली!” म्हणत, डोळे पुसत.
मग आम्ही. बावीस माणसं.
माझी कवळी हातात आली.
बाई एका पायावर, शिट्टी तशीच तोंडात,
आणि ती हसण्यानेच वाजत राहिली,
तुटक, भलत्या वेळी,
कुणालाच काही न सांगता.

बुधवारी सगळे वेळेआधी हजर.
चपला काढल्या, ओळीत, कुत्र्याच्या वाटेवर.
एका चपलेत कुणी बिस्कीटही ठेवलं होतं.
(मीच ठेवलं होतं.)
सहा दहा. शिट्टी.
कुत्रं आलं, ओळ हुंगली,
बिस्कीट खाल्लं
आणि गेलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग मढवी म्हणाले,
“मीठ पिकायचं तवा
आजा बघत नाय बसायचा.
पाठ करून विडी वढायचा.”

म्हणून आता
आम्ही चपलांकडे पाठ करून उभे राहतो,
हात वर,
मान वळवायची नाही असं ठरवून,
आणि जो तो
थोडीशी वळवतोच.