रिकाम्या डब्याचं वजन

डॉक्टरने कागद दिला नाही.
इकडे आता फोनवर चार आकडे येतात,
ते दुकानात सांगायचे, की औषध मिळतं.
सात शून्य चार एक.
तीस दिवसांची मुदत. दुधापेक्षा जास्त, लोणच्यापेक्षा कमी.

सगळं विसरत होते मी तेव्हा.
लेनाच्या शाळेतली सभा, गॅसवरचे बटाटे,
मोज्यांच्या जोड्या.
हे आकडे मात्र टाळूला चिकटून बसले
शिळ्या पावासारखे.

मी इर्मिना. ग्दिन्याच्या धक्क्यावर
एकोणीस वर्षं क्रेन चालवते.
चाळीस मीटर उंचावर माझी काचेची खोली,
पायाखालीही काच.
तिथून माणसं म्हणजे नुसत्या पिवळ्या टोप्या.

काय होतंय, डॉक्टरने विचारलं.
पोरगेलासा, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.
काही होत नाहीये, मी म्हटलं, तेच तर.
रडू आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते.

मग त्याला क्रेनचं सांगितलं.
डबा उचलला की पडद्यावर वजन येतं.
आत काय आहे ते येत नाही.
केळी असतील, फरश्या असतील, कुणाचं अख्खं बिऱ्हाड.
आणि आत काही म्हणजे काहीच नसलं
तरी चाळीस फुटी डबा पावणेचार टन भरतो.
हे त्याने लिहून घेतलं नाही.

पायाखालच्या काचेतून
खाली बघायचं टाळते हल्ली, मी म्हटलं.
हे त्याने लिहून घेतलं.
आणि म्हणाला, गोळ्या सुरू केल्यावर
निदान सहा आठवडे वर चढायचं नाही.

म्हणजे बरं व्हायचं तर आधी उतरायचं.

आई म्हणाली, साखरेसाठी रांगेत उभ्या राहिलो आम्ही,
पहाटे चारपासून, पोटात तू.
आम्हाला कुठे झालं असलं काही?
बाबांना झालं होतं, मी म्हणाले.
रोज संध्याकाळी स्वतःच स्वतःला औषध द्यायचे,
पाण्यासारखं स्वच्छ, फ्रीजमध्ये गार केलेलं,
दर वर्षी मात्रा वाढवत.
आई बटाटा सोलत राहिली,
साल संपलं तरी.

झेनॉन म्हणाला, डोक्यात रसायनं घालणार?
मग तू तूच राहशील कशावरून?
आत्ता आहे का, मी विचारलं.
त्याने डब्यातलं अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं.
यापेक्षा चांगलं उत्तर त्याच्याकडे नव्हतं,
माझ्याकडेही भूक नव्हती.

सव्विसाव्या दिवशी
लेनाच्या खोकल्याचं सिरप घ्यायला गेले.
फक्त सिरप. ठरवलं वगैरे काही नव्हतं.
अजून काही? काउंटरवरच्या बाईने विचारलं,
सगळ्यांना विचारतात तसं, पिशवी उघडत.
आणि तोंडातून आकडे सांडले.
सात शून्य चार एक.
तिने मान वर केली नाही. याबद्दल
मी तिला अजून मनातल्या मनात आशीर्वाद देते.

गोळी मसुरीच्या दाण्याएवढी.
इतकी भांडणं झाली तिच्यावरून,
निदान मोठी तरी असायची.

आता खालच्या ऑफिसात बसून
डब्यांची सिलं मोजते.
तोंड कोरडं, पोटात ढवळतं,
रात्री स्वप्नं पडतात भरमसाट, बिनकामाची:
काल एका घोड्याला वीजबिल समजावून सांगत होते.
लेना विचारते, बरं वाटतंय?
माहीत नाही, म्हणते. हे खरं आहे,
आणि खरं सांगायला ताकद लागते तेवढी आली आहे.

आज तेविसावा दिवस.
खिडकीतून माझी क्रेन दिसत होती, वर झेनॉन.
डबा उचलताना त्याने असा हिसका दिला
की केबल थरथरली.
अरे, हळू! मी ओरडले, बंद काचेआडून,
गाढवा, असं उचलतात का?

शेजारची क्लेमेंतिना टाइप करता करता थांबली.
मीही थांबले.
सात महिन्यांत पहिल्यांदाच
मला कशाचा तरी राग आला होता.