विभागाचा रकाना

आवक क्रमांक दोनशे सतरा.
वहीचं अर्धं पान, पाठीमागं कुणाची तरी चुकलेली बेरीज.
प्रेषक: हौसाबाई कवाळे, नदीकाठ, चिखलीच्या अलीकडं.
विषय –
तिथंच पेन थांबलं.

बाईनं नातवाकडून लिहून घेतलं होतं:
‘आमच्यात पूर यायच्या आदी पाणी मुकं हुतंय.
खळखळ ऱ्हात न्हाई, भवरा फिरत न्हाई,
म्हस पाण्यात जात न्हाई.
हे तुमच्यात कोण शिकवतंय का?’

पुढचा रकाना विभागाचा.
मी भूगोल लिहिलं. भूगोलाचा शेरा: शब्दाचा प्रश्न, मराठीकडे.
मराठीचा: शब्द ठीक, प्रश्न म्हशीचा वाटतो.
समाजशास्त्रानं विचारलं, नमुना किती?
एक बाई, मी कळवलं.
प्राणिशास्त्रानं पाकीटच उघडलं नाही.
महिनाभर कागद आवारात हिंडला
आणि अंगावर सात शिक्के घेऊन माझ्याच टेबलावर आला,
सौद्यात न उठलेल्या गुळाच्या रव्यासारखा.

आमचं केंद्र म्हणजे तेव्हा एक खोली.
आधी तिथं नकाशांची अडगळ.
पाटीवर ‘आंतरविद्याशाखीय’ मावेना,
रंगाऱ्यानं शेवटचा ‘य’ चौकटीवर काढला.
टेबल एकच, त्याचा एक पाय आखूड,
त्याखाली घडी घालून मागच्या सालचा अहवाल.

मंगळवारी त्या टेबलाशी जे आले ते बसले.
मोडी वाचणाऱ्या गुलशन मुजावर,
पाण्याची पातळी मोजणारे उपाध्ये सर,
आणि चहा घेऊन आलो म्हणून मी.

मुजावर मॅडम पत्र वाचता वाचता उठल्या,
काही न बोलता कपाटातनं एक कागद काढला.
‘मु’ स्वच्छ, ‘क’ धूसर, पुढचं कसरीनं खाल्लेलं, मग ‘पाणी’.
चार वर्षं त्या ‘मुक्काम पाणी’ वाचत होत्या,
पाणी नावाचं गाव शोधत शाहूवाडीपर्यंत जाऊन आल्या होत्या.

सरांनी पिशवीतनं आलेख काढला.
चढता चढता सहा तास आडवी झोपलेली रेघ.
यंत्र बिघडलं म्हणून दोनदा दुरुस्तीला टाकलेलं त्यांनी.
म्हणाले, खालची नदी फुगली की वरची थबकत असेल,
जायला वाट नाही म्हणून…
आणि मग हळूच, एकट्यालाच: ‘मुकं.’

चहा गार झाला. कुणी प्याला नाही.

हौसाबाईंना बोलावलं. बसनं आल्या,
पदरात भाजलेल्या शेंगा.
सर आलेख समजावू लागले, तर त्यांनी हात वर केला:
‘कशानं हुतंय त्ये तुमी बगा.
कवा उठायचं त्ये मी सांगतो.’

त्यांच्या मानधनाचं बिल परत आलंय.
अर्हतेच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
नदीकाठी एकसष्ट वर्षं.
लेखा विभाग म्हणतो, प्रमाणपत्र जोडा.
ते भांडण अजून चालू आहे.

अहवालात विचारतात: केंद्राची निष्पत्ती?
एक शब्द, मी लिहिलं.
त्याखाली तांबडी रेघ: तपशील द्या.
आता काय तपशील देऊ,
मॅडम हल्ली आलेख वाचतात, अडखळत, बोट ठेवून,
आणि सर रविवारी म्हशी बघायला जातात,
घरात सांगतात, सर्वेक्षण.

परवापासनं धार लागलीय.
राजाराम बंधाऱ्यावर सकाळी एकतीस फूट.
दुपारी केंद्राचा फोन वाजला.
‘हौसा बोलतोय. पाणी अजून बडबडतंय,
जेवून घ्या निवांत.’

आवक क्रमांक चारशे नऊ.
वेळ टाकली, सही केली.
विभागाचा रकाना तसाच ठेवला.