दोन दांड्या

माझी सुट्टी मंगळवारची.
डाळमिलला सुट्टी नसते, माणसांना वाटून दिलेली असते,
बारदान मोजून द्यावं तशी.

सहा चाळीसला सुवालाल शेठचा पहिला मेसेज:
गुलाबाचं फूल, त्यावर शुभ प्रभात,
आणि फुलाच्या देठालाच लागून
‘शिलाई मशीनची चावी?’
मी फूल पाहिलं होतं, चावी नव्हती पाहिली,
पण हे निळ्या खुणांना कोण सांगणार.

सात पाचला, ‘लीलाधर’.
नुसतं नाव.
हजेरीपटावरसुद्धा माझ्या नावापुढे
एवढी मोकळी जागा मी कधी पाहिली नाही.

मागच्या मंगळवारी उत्तर दिलं होतं.
उत्तर दिलं म्हणजे जागा आहे,
जागा आहे म्हणजे ई-वे बिलाचा पासवर्ड सांगू शकतो,
पासवर्ड सांगितला म्हणजे
‘पाच मिनिटं येऊन जा ना, जवळच तर आहेस.’
शेठला जळगावात सगळंच जवळ.
अजिंठा चौफुलीपासून मिल,
मिलपासून माझं घर,
घरापासून माझा कान.

म्हणून आज एवढंच लिहिलं: डावा खण, बिल्टीबुकाखाली.
आणि जळगावच सोडलं.
मागे हेमांगी, तिच्या मांडीवर वांग्यांची पिशवी,
पारोळ्याच्या अलीकडे तिच्या मावशीचं शेत.

गाडी बांधावर लावतोय तोच खिसा थरथरला.
मावशीने कळण्याच्या पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं,
“तू सुट्टी लई उना का मालकले लई उना?”

खाली विहिरीपाशी रेंज नाही.
रेंज फक्त वर, निंबाखाली. दोन दांड्या.
खाली बसलो. कपाशीच्या काड्या पेटल्या,
वांग्यांची सालं काळी होऊन सुटली,
बडगीत मुसळ मी धरलं,
हेमांगी म्हणाली, हळू, ते भरीत आहे, शेठ नाही.

जेवणाआधी एकदा बांधावर गेलो, गाडीला कुलूप आहे का बघायला.
जेवताना एकदा, लघवीला.
तिसऱ्यांदा कारण सापडेना,
तसाच गेलो.

काही नव्हतं.
थरथरलेला होता तो रिचार्जवाल्यांचा मेसेज.
चावी सापडली असणार. पासवर्ड तर मीच
कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलाय.
बरं वाटायला हवं होतं.
मी निंबाखाली उभा राहून फोन बंद करून चालू केला,
बिघडला तर नाही ना.

तेवढ्यात वाजला.
“नागपूरची गाडी लागलीय. दहा टन.
तुझ्या शब्दावर येतो तो भिकन, लाव त्याला फोन.”
भिकनची सुट्टीही मंगळवारचीच.
मला हे माहीत आहे, तक्ता मीच करतो.
मी फोन लावला.

त्याच्या बायकोने उचलला.
“त्या गावले जायेल शेतस, भाऊ.”
तिच्या मागे कोणीतरी खोकलं.
चाळणीखालच्या भुकटीचा खोकला तो,
शंभर माणसांत ओळखेन.
मग एक पोरगं ओरडलं, “पप्पा, तुमनी सोंगटी मेली!”
ती गप्प.
मीही गप्प.
तो खोकला हातात दाबून धरल्यासारखा बंद झाला.

“आले की सांगा,” मी म्हणालो.
मग म्हणालो, “राहू द्या. काही सांगू नका.”

शेठला लावला.
“भिकन गावाला गेलाय.”
“मग तिथे लाव.”
“तिथे रेंज नाही.”
“असं कुठलं गाव आहे रे, जिथे रेंज नाही?”

खालून धूर येत होता. हेमांगी ताट घेऊन उभी,
दुसऱ्या वाढणीचं.
“आहे शेठ,” मी म्हणालो,
आणि बोलता बोलताच बांध उतरायला लागलो.
एक दांडी गेली.
शेठ म्हणाले, हॅलो. हॅलो, लीलाधर?
माझा पाय ढेकळावर पडला,
दुसरी गेली.