नासपतीसाठी राखीव

नोव्हेंबरात पोचलो. डकोटाच्या त्या सपाटीवर
वारा कुणाला विचारून येत नाही.
कॉलेजच्या पाटीवरचं एक अक्षर गळालेलं,
त्या जागी खिळ्यांची दोन भोकं.

लोर्ना ट्वेट, हिशेब बघणाऱ्या बाई,
फायली आधीच काढून बसलेल्या.
माझी खुर्ची रेडिएटरला चिकटून.
"एवढा एकच चालू ठेवलाय," म्हणाल्या.

मी माझं विचारत गेलो.
प्रवेश किती घटले, कर्ज कुणाचं,
शंभर डॉलर फीमागे सवलत किती?
"एकोणसत्तर." त्यांनी चष्मा पुसला.
म्हणजे शंभर सांगायचे, एकतीस घ्यायचे
आणि पोराच्या आईला पत्र पाठवायचं:
अभिनंदन, शिष्यवृत्ती.

बॉयलरचा आकडा पेन्सिलीने लिहिलेला,
खोडलेला, पुन्हा लिहिलेला,
कागद तिथे पातळ झालेला.

गंगाजळी?
आहे की. नव्वद लाख.
त्यातले अकरा लाख एका विधवेने
एकोणीसशे एकतीसमध्ये ठेवलेले,
फक्त नासपतीच्या बागेसाठी.
बाग पाच वर्षांत थंडीने गेली.
पैसा मात्र वाढतोच आहे.
दोनदा कोर्टात गेले, पगाराला वापरू द्या म्हणून.
कोर्ट म्हणालं, मग झाडं लावा.

रात्री पार्किंगमध्ये त्या दिसल्या,
गाडी चालू, मान वर, ओठ हलताहेत.
वसतिगृहाच्या उजेडाच्या खिडक्या मोजत होत्या.
"बावन्न. काल चोपन्न होत्या."
माझ्याकडे अकरा गुणोत्तरं आहेत, प्रत्येकाला वजन.
हे त्यात नाही.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथे वासे जागच्या जागी होते,
थंडीत, स्वेटर घालून,
घरच निघालं होतं.

मोटेलमध्ये अहवाल हाताने लिहायला घेतला.
ताळेबंद लिहिताना त-चा ट झाला.
खोडला.
खाली लिहिलं: चौदा महिने.
दिवा घालवला तरी आकडा दिसत राहिला.

एप्रिलात त्यांचं पाकीट आलं.
अहवालाची पोच, शिक्का, सही,
आणि सहीखाली निळ्या शाईत:
रोपं मागवली. चाळीस.

नासपतीला फळ धरायला पाच वर्षं लागतात
असं कुठेसं वाचलंय.
खात्री करून घेतली नाही.