बिंदू बी

अप्लाइड मेकॅनिक्समध्ये दुसऱ्यांदा उडाले
तेव्हा बाबा एवढंच म्हणाले,
बागेतल्या झोपडीत जाऊन बस, तिथं बल्ब आहे.
मी मोठ्यानं पाठ करते, त्याचा घरात जाच.
बल म्हणजे परिमाण, दिशा आणि लागू होण्याचा बिंदू,
बल म्हणजे परिमाण, दिशा आणि –
पुढचं धाकटा सांगायचा, जेवता जेवता.

नोव्हेंबर. आंबिया बहार तोडायला पंधरा दिवस,
पेपरला नऊ.
बाजेवर घोरमाडे सरांच्या नोट्सची झेरॉक्स,
कंपासपेटीतला अर्धा कोनमापक,
आणि बाहेर दौलतकाका बेलसरे, रखवालदार,
वाकलेल्या फांद्यांना बांबूच्या बेचक्या लावत फिरणारे.

सर सांगायचे, फ्री बॉडी काढा.
वस्तू सगळ्यांपासून सोडवा.
भिंत पुसा, जमीन पुसा, दोरी कापा,
आणि जिथं जिथं कापलं तिथं एक बाण ठेवा.
मी कापायची. बाण ठेवायला विसरायची.
माझ्या सगळ्या वस्तू वहीभर पडत राहायच्या.

"काय गिरवून राह्यली वं?"
तुळई, म्हटलं. एक टोक भिंतीत रोवलेलं, एक हवेत.
वजनरहित समजा, असं दिलंय.
काका बिडी विझवून हसले, खोकला येईपर्यंत.
"वजनच नाही तिले, त मंग भितीत कायले रोवली?"

दुसऱ्या दिवशी सातव्या ओळीतलं झाड धरलं.
उत्तरेकडच्या फांदीवर दोनशे बारा फळं,
एक किराण्याच्या काट्यावर तोललं, एकशेचाळीस ग्रॅम.
घोसाघोसाचं अंतर बाबांच्या टेपनं.
घड्याळाच्या दिशेनं अधिक, उलट उणे,
तीनदा चुकले, चौथ्यांदा जमलं:
बुंध्यापासून एक मीटर चाळीस.
तिथं चुन्यानं बी काढला, इंग्रजी.
"बी? मंजे बियाचं?"
म्हटलं, बिंदूचं नाव आहे.

काकांची बेचकी त्याच्या वीतभर पुढं होती.
मी म्हटलं, काका, तुमचं चुकलंय.
त्यांनी वाद घातला नाही. बांबू उचलला,
माझ्या बी-खाली आणून ठेवला.
फांदी राहिली. मी वहीत बरोबरची खूण केली,
लाल पेननं, सरांसारखी.

रात्री डोंगराकडून वारा सुटला.
फांदीचं टोक हलायला लागलं,
आणि बेचकीपाशी साल कर्र, कर्र.
काका टॉर्च न लावता उठले.
बांबू सरकल्याचा आवाज. मग काहीच आवाज नाही.
परत येऊन घोंगडी ओढत म्हणाले,
"वारा नव्हता काय तुह्या गणितात?"
दिलेला नव्हता, मी म्हटलं.
"हं," म्हणाले. "देत नसतेच कोणी."

त्रेचाळीस मिळाले. चाळीसला पास.
प्रश्न तीनमध्ये तुळई आली, वजनरहितच.
मी निमूट धरली वजनरहित,
पण कापलं तिथं तिथं बाण ठेवला,
एकही विसरले नाही.
समासात पेन्सिलीनं वारा लिहिला होता,
तो पेपर देताना खोडला.

या वर्षी दिवाळीनंतर गेले तर बी होता तिथंच.
चुना उडालेला, साल तडकून अक्षर आडवं पसरलेलं,
पोट सुटल्यासारखं.
फांदी टोकानं वाढते, खूण जागची हलत नाही.
नवी फळं सगळी पुढं, हातभर पलीकडं.
टेप घरी राहिली होती.
मी फांदीखाली उभी राहून तळहातावर ती उचलून पाहिली,
थोडी पुढं, अजून थोडी,
आणि एका जागी ती हलकी झाली नाही,
पण गप्प झाली.

काका बांबू घेऊन मागे उभेच होते.
"सांग," म्हणाले, "कुठं?"