कान

भिंतीला कान असतात, म्हणतात.
माल्टात, माताबच्या माळावर, भिंतच कान होती :
दोनशे फूट रुंद, आत वळलेली,
सिसिलीकडे तोंड करून उभी.
हुकूम साहेबांचा, घमेली आमची.

विस्टिन तिच्या पोटाशी बसायचा, यंत्र लावून.
विमान समुद्रावर असतानाच कळायचं,
सहा मिनिटं आधी, असा हिशेब.
सहा मिनिटांत काय होतं?
भट्टीतला पाव काढता येतो.
पोरं मोजता येतात.

पण कान काही निवडून ऐकत नाही.
त्यात कोळ्यांच्या होड्या आल्या, कार्मनूच्या शेळ्यांच्या घंटा,
सांता मारियाच्या जत्रेतले बार,
आणि एकदा, विस्टिन शपथेवर सांगे,
पलीकडच्या किनाऱ्यावर कुणी बाई
कुणाला तरी जेवायला हाका मारत होती.
साहेबाने ते वहीत घेतलं नाही.

मग रडार आलं.
ठिपका ऐकावा लागत नाही.
भिंतीला कुलूप, विस्टिनला दुसरं काम.

जूनमध्ये खरीखुरी विमानं आली,
बॉम्ब घेऊन, त्याच समुद्रावरून.
तिने ऐकली असतील.
विचारायला कुणी नव्हतं.

विस्टिनचा डावा कान त्याच हिवाळ्यात बंदरात गेला.
उरलेला उजवा तो म्हातारपणी
भिंतीला टेकवून बसे,
शेजारी गावाचा उकिरडा डोंगराएवढा होत असताना.

काय ऐकतोस, विचारलं तर म्हणे,
ती अजून हाका मारतेय.
जेवायला कुणी गेलेलं दिसत नाही.