धक्का

महिन्यातून एकदा आमची लाँच या बेटाला लागते:
डॉक्टर, दंतवैद्य, मी आणि लसींची निळी पेटी.
चिलोएच्या नकाशात हे बेट म्हणजे माशी बसून गेल्याचा डाग.
धक्का कुजलाय. म्हणून म्हातारा एवारिस्तो मिल्यालोंको
गुडघाभर पाण्यात उभा राहून
एकेकाला हात देतो.

त्यानं माझं मनगट धरलं, मी त्याचं.
बोटांना खोड असते, ती आपसूक अंगठ्याच्या मुळाशी गेली.
एक. एक-दोन. मग काहीच नाही.
मग तीन, दारात चेंगरल्यासारखे.
मग एक इतका हलका
की आला होता असं शपथेवर सांगता येऊ नये.

लाटसुद्धा चुकते ती हिशेबानं चुकते.
या नाडीला चुकण्याचाही नेम नव्हता.

"उतर की बाई," तो म्हणाला, "पाणी गार आहे."

शाळेच्या बाकावर त्याला आडवं केलं,
छातीवरचे पांढरे केस जरा भादरले.
काय होतं? "काही नाही. बटाटे काढताना दम लागतो.
रात्री कधी सदऱ्याखाली मासा तडफडतो.
मग तोच गप्प होतो."
कधीपासून? "मागच्या बटाट्यांपासून."

कागद सरकत आला.
सुळके होते, पण मूठभर खडे फेकावेत तशा अंतरांवर.
प्रत्येक सुळक्याआधी एक बुटकी टेकडी असायला हवी,
ती कुठेच नव्हती. तिच्या जागी
वाऱ्यानं शहारलेलं डबकं.

डॉक्टर म्हणाले, वरचे कप्पे आकसत नाहीत, नुसते थरथरतात.
रक्त कोपऱ्यात रेंगाळतं. रेंगाळलेलं गोठतं.
"खाडीच्या आतल्या वळणात फेस साचतो, तसं?"
तसंच. आणि तो गोळा भरतीला सुटला, तर…

त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.
त्याच्या भावाचं, सेलिंदोचं, एका सकाळी
माते ओतता ओतता अर्धं तोंड उतरलं.
किटली निसटली. हाक मारायला शब्द सापडेना.
त्याचं मनगट कुणी धरलं नव्हतं.
धक्का तेव्हा धड होता.

तर गोळ्या दोन. एक धावत्या ठोक्यांना आवरणारी,
दुसरी रक्त पातळ करणारी, आणि तिचे नखरे फार:
कधी अर्धी, कधी पाऊण,
महिन्याला बोट टोचून आकडा बघायचा, दोन ते तीनमध्ये हवा.
कोबी खा, समुद्रातलं काळं लुचेही खा,
पण आज टोपलीभर, उद्या रिकामं ताट, असं नको.
"शिंपले उघडताना रोज कापतो मी."
दाबून धरायचं, नेहमीपेक्षा जास्त वेळ.
डोकं आपटलं, शौचाला काळं झालं, तर रेडिओवर लगेच हाक मारायची.

"आणि बरा कधी होणार?"
भरती ओसरत होती, खोटं बोलायला वेळ नव्हता.
ताल परत येईलच असं नाही, मी म्हटलं.
कास्त्रोला झटका देऊन बघतात, कधी टिकतो, कधी नाही.
सध्या आपण भावाची सकाळ टाळतोय.

त्याच्या बायकोनं, ओतिलियानं, पिठाच्या डब्यावर
कोळशानं चंद्र काढले: अर्धा, पाऊण, अर्धा, अर्धा.

त्याला पाच महिने झाले. मागचा आकडा दोन पूर्णांक सहा.
नाडी अजून बेशिस्तच, पण आता कुणी तिच्या मागे लागलेलं नाही.
उतरताना मी त्याचं मनगट पुरा एक मिनिट सोडत नाही,
अशा नाडीला पंधरा सेकंदांचा गुणाकार चालत नाही.
मागून दंतवैद्य ओरडतो. बोट हेलकावते.

"नवा धक्का मंजूर झालाय," एवारिस्तो सांगतो, "सिमेंटचा.
मग कुणाचे पाय भिजायला नकोत."

मी मान हलवते. बोलले तर मोजणी चुकेल.